डांबऱ्या पुढं, कळप मागं

“मावशी, तुमच्या मेंढरांना पोहता येतं का?”

संयोगितानं एका दमात विचारून टाकलं. तिच्या मागं बांधावर अपेक्षा आणि राणी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. क्लासवरून सायकली हाकत येताना संयोगिताच्या रानात, सोयाबीन काढलेल्या वावरात, मेंढरं बसलेली दिसली आणि राणी म्हणाली, “बघ गं, केवढी लोकर! पाण्यात पडली तर गादीवानी भिजून तळाला जातील.” त्यावर अपेक्षा म्हणाली, “मग जाऊन विचार की, संयू. पंधरा ऑगस्टला माईकवर कागद न घेता बोललीस. हरणाबाईला विचारायला काय जातंय?”

पंधरा ऑगस्टचं नाव काढलं की संयोगिता हल्ली कशालाही तयार व्हायची. त्याआधी हजेरीला ती इतक्या बारीक आवाजात ‘हजर’ म्हणायची, की बाई दोनदा तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या झाल्या होत्या. त्या दिवशी भाषण करणाऱ्या मुलीचा घसा बसला, कुणीतरी संयोगिताला पुढं ढकललं आणि माईकसमोर गेल्यावर तिचा तिलाच पत्ता नसलेला एक खणखणीत आवाज बाहेर पडला. तेव्हापासून तो आवाज आत जायचं नाव घेत नव्हता.

हरणाबाई तीन दगडांच्या चुलीपुढं भाकरी थापत होती. प्रश्न ऐकला आणि तिचा हात परातीत तसाच राहिला. पलीकडं तिचा मुलगा नानासो मेंढरांभोवतीची जाळी ताणून बांधत होता. त्यानं मान वर केली.

“चेष्टा लावलीया व्हय गं पोरींनो?”

“इचारू दे रं,” हरणाबाई म्हणाली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “येत हुतं बाई. म्होरक्या हुता तवा समद्यास्नी येत हुतं.”

बांधावरचं हसू तिथंच विझलं.

म्होरक्याला सगळी डोहवाडी ओळखत होती. वळलेल्या शिंगांचा, गळ्यात घुंगराचा पट्टा असलेला थोराड मेंढा. दर वर्षी कार्तिकात हरणाबाईचा कळप आटपाडीकडच्या माळावरून खाली उतरायचा, संयोगिताच्या वडिलांच्या रानात खतासाठी चार-आठ दिवस बसायचा आणि मग गावाखालच्या उतारावरून कृष्णा ओलांडून पलीकडच्या मळ्यांत जायचा. उतार म्हणजे नदीतली जुनी चालायची जागा. कडेला गुडघाभर, पुढं छातीभर आणि मधोमध थोडं पोहावं लागेल इतकं पाणी. म्होरक्या आधी पाण्यात शिरायचा आणि त्याच्या मागं सगळी मेंढरं. मेंढराचं असंच असतं. पुढचं गेलं की मागच्याला वाट दिसते.

गेल्या वर्षी पाऊस लांबला, नदी उतरलीच नाही, म्हणून त्यांना पुलावरून जावं लागलं. पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला आणि सगळ्यांत पुढं होता तो म्होरक्याच.

“दोनदा नेलं उताराला,” नानासो म्हणाला. त्याचा राग कधीच उतरला होता, आवाजात नुसता थकवा उरला होता. “पाण्यात खूर घालत्यात आन गर्रकन माघारी वळत्यात. मागून रेटलं तर जागच्या जागी फिरत बसत्यात घाण्यावानी. परवा बंधाऱ्याच्या दारांत बरगे, त्या लोखंडी फळ्या, घालाय मान्सं येणार. एकदा बरगे बसलं की पाणी तुंबतंय, उताराचा डोव्ह हुतोय. मग हायच आमचा पूल.”

पूल म्हणताना हरणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि तिचं बोट भाजलं. तिनं नुसतं बोट तोंडात धरलं.

“माझ्या डांबऱ्याला येतं पोहता!” संयोगिता म्हणाली.

म्हणून गेली. शब्द बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आले.

डांबऱ्या हा याच कळपातला. गेल्या कार्तिकात वाटेतच जन्मला, पुढचा एक पाय लुळा, कळपाबरोबर चालणं शक्यच नव्हतं. हरणाबाईनं तो पदरात गुंडाळून आणला आणि संयोगिताच्या ओटीत ठेवला. “जगला तर तुजा, न्हाई जगला तर तुजा कायबी दोष न्हाई.” संयोगितानं त्याला बाटलीनं दूध पाजलं, पायाला कामट्या बांधल्या, आणि तो असा काही जगला की शेजारच्यांच्या दारातली मेथी शिल्लक राहीना. रस्त्यावर नवीन ओतलेल्या डांबरासारखा काळा कुळकुळीत, म्हणून डांबऱ्या. जेठात कळप माघारी निघाला तेव्हा हरणाबाईनं त्याचे पाय चाचपून बघितले, हसली, आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे लेकीपाशी. दिला म्हंजी दिला.”

पोहण्याची गोष्ट उन्हाळ्यातली. डोहवाडीत पोरांना पोहायला शिकवायची एकच रीत. गोडेतेलाचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून पाठीला बांधायचा आणि नदीत सोडायचं. संयोगिता नदीकाठी जन्मली तरी तिला पोहता येत नव्हतं, कारण वडील पलटणीत आणि पोरींना कोण शिकवणार? ते निवृत्त होऊन आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी लेकीच्या पाठीला डबा बांधला. डांबऱ्या घाटाच्या पायरीवर उभा राहून बें बें करत जीव टाकायचा. एके दिवशी त्यानं सरळ पाण्यात उडीच मारली. मग संयोगितानं त्याच्याही पाठीला छोटा डबा बांधला. अख्खा घाट हसून लोटपोट झाला. “काय मेजर,” लोक तिच्या वडिलांना विचारत, “मेंढराला भरतीला धाडताय व्हय?” पण मे महिना संपायच्या आत डबा सुटला आणि डांबऱ्या नाक वर काढून, कान मागं टाकून, संयोगिताच्या मागं मागं नदी पार करायला लागला.

“मेंढरू पवतंय?” नानासोनं विचारलं आणि तो पहिल्यांदाच हसला. “त्येबी एकलं?”

“मी पुढं असले की येतो माझ्यामागं.”

हरणाबाईनं तिच्याकडं बघितलं. मागितलं काहीच नाही. नुसतं बघितलं. आणि संयोगिताची जीभ तर आता मोकळीच होती.

“उद्या रविवार आहे. आणते मी त्याला उतारावर.”

बांधावरून सायकली काढताना अपेक्षानं तिच्या दंडाला चिमटा घेतला. “अगं येडे, आमी तुला नुसता प्रश्न विचारायला सांगितला हुता. उद्या तुझा डांबऱ्या त्यांच्या कळपात रमला म्हंजे?”

“रमत नाही तो कुणात,” संयोगिता म्हणाली. “माझ्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही.”

पण घरापर्यंत तिनं एकदाही घंटी वाजवली नाही. तरी सायकलचा आवाज ओळखून डांबऱ्या फाटकाशी येऊन उभा होताच. त्यानं नेहमीसारखी तिच्या दप्तराला डुशी दिली, डबा कुठल्या कप्प्यात आहे ते बरोबर शोधलं आणि उरलेली अर्धी चपाती मिळेपर्यंत तिला आत जाऊ दिलं नाही. ती तिथंच फाटकात बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून राहिली. ओल्या घोंगड्याचा, गवताचा आणि थोडासा चपातीचा वास.

जेवताना तिनं सगळं सांगितलं. तिचे वडील बाळासो ऐकत ऐकत ठेचा कालवत होते. हवालदार होऊन निवृत्त झाले होते, तरी गावाला मेजरच. घरात कुणी अडचण सांगितली की आधी नकाशा काढायची त्यांची सवय.

“नदी कुठं खोल हाय ते मी बघतो सकाळी. खालच्या अंगाला आमी चार गडी आडवं हुबं राहतो, म्हंजे कुठलं वाहून चाललं तर आडवाय यील. तू पुढं, डांबऱ्या मागं. प्लॅन ओके.”

“आणि समजा,” संयोगिता ताटाकडं बघत म्हणाली, “समजा त्यांना तो हवाच झाला तर?”

आईनं तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. “मावशी मागायची न्हाई. त्यांनी दिल्यालं परत घेतल्यालं मी तर बघितलं न्हाई. आन आमीबी तुला काय सांगणार न्हाई बघ. तू वाढवलास, तूच ठरव.”

असं कुणी म्हटलं की उलट जास्तच जड होतं.

पुराच्या वर्षी संयोगिता आठ वर्षांची होती. तिला सगळं आठवतं असं नाही, पण जे आठवतं ते लख्ख आठवतं. वडील राजस्थानात पोस्टिंगवर. कृष्णेचं पाणी आधी नदीकाठच्या मळीत, मग देवळाच्या पायरीला, मग सरळ गल्लीत. गावातले लोक म्हणत होते मागच्या पुराच्या खुणेच्या वर येत नाही, आणि पाणी त्या खुणेकडं ढुंकूनही न बघता वर चढलं. आईकडं दोन म्हशी, एक गाय आणि एक पोर. तेवढ्यात हरणाबाईचा फोन आला होता. “टेम्पो करा आन जनावरं घिऊन वर या. समदी या.” आईनं विचारलं, “मावशी, तुमच्याकडं कुठं पाणी हाय?” कारण त्या साली आटपाडीकडं पाऊसच नव्हता. तिकडं पाणी टँकरनं यायचं. हरणाबाई म्हणाली होती, “तुमी या तर.”

तर गेले ते. भरून वाहणाऱ्या नदीपासून पळून, टँकरची वाट बघणाऱ्या माळावर. संयोगिताला आठवतं ते हे, की टँकर आला की हरणाबाई पहिल्या दोन बादल्या त्यांच्या म्हशींपुढं ठेवायची. म्हशी नदीकाठच्या, त्यांना पाणी बेतानं प्यायची सवय नाही. एक म्हैस बादलीत तोंड घालून अर्धं पाणी सांडायची आणि आई लाजून लाल व्हायची. हरणाबाई हसायची. “सांडू दे गं. तिला काय ठावं, कुटं आलीया ती.” आणि मेंढरं मात्र सांजेपर्यंत थांबायची. पाणी ओसरून घरातला चिखल काढेपर्यंत ते तिथं राहिले. किती दिवस राहणार, हे त्या घरात एकदाही कुणी विचारलं नाही.

सकाळी नदीवर धुकं होतं. उतारापाशी पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. पलीकडच्या काठावरून ऊस पेटवल्याचा गोडसर वास येत होता. बाळासो आणि गावातले तिघं-चौघं कमरेला टॉवेल गुंडाळून खालच्या अंगाला पाण्यात ओळीनं उभे होते, दात वाजवत, एकमेकांना शिव्या देत. काठावर अपेक्षा फोन घेऊन तयार. राणीनं पैज हरल्याबद्दल देवाला नारळ कबूल केला होता; कुणाची पैज आणि कशाची, ते तिलाच ठाऊक.

मेंढरं काठाला आली आणि थांबली. दीडशे तोंडं पाण्याकडं, आणि एकही खूर पुढं नाही.

संयोगिता जुन्या ट्रॅकपँटवर आत शिरली. गारठ्यानं तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की खाली उभे असलेले गडी हसले. “डांबऱ्या! चल, येतोस का?”

डांबऱ्या आला. कान मागं टाकून, जणू रविवारची अंघोळ आहे अशा थाटात. गुडघाभर पाण्यात, मग पोटाला पाणी, मग त्याचे पाय सुटले आणि नुसतं काळं डोकं पाण्यावर सरकायला लागलं.

मागं मेंढरं तशीच. संयोगितानं वळून बघितलं. आपण पोहत पोहत पलीकडं जाऊ, आणि दीडशे मेंढरं अलीकडं उभी राहून आपला खेळ बघतील.

मग एक म्हातारी मेंढी पुढं झाली. तिनं पाण्याला नाक लावलं. डांबऱ्याच्या डोक्याकडं बघितलं. बें केलं. डांबऱ्यानं पोहता पोहताच वर तोंड करून उत्तर दिलं, पाणी त्याच्या नाकात गेलं आणि तो शिंकला. म्हातारीनं खूर टाकला. तिच्या मागं दुसरी. नानासोनं मागून “हुर्रर्र” केलं, कुत्री भुंकली, आणि मग नदीत काळं पाणीच उतरल्यासारखा तो कळप आत शिरला.

“आलीऽऽ! आलीऽऽ!” राणी काठावर नाचत होती.

मधोमध धार होती. एक कोवळी मेंढी ओळीतून सुटून खाली चालली, तशी बाळासोंनी तिला कवेत धरून परत ओळीत सोडली. “इकडं कुठं, सांगलीला चाललीस व्हय?” संयोगिता पोहत होती, हसत होती, तोंडात पाणी जात होतं, आणि आपल्या मागं एवढे श्वास चाललेत हे तिला पाठीवर जाणवत होतं. पायाला वाळू लागली तेव्हा ती वळली. सगळ्या नदीभर डोकीच डोकी.

सगळ्यांत शेवटी हरणाबाई आली. काष्टा खोचलेला, खांद्यावर दोन दिवसांचं कोकरू, आणि एका हातात ओझ्याच्या घोड्याची शेपटी घट्ट धरलेली. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. इतकी वर्षं ती अशीच घोड्याच्या भरवशावर कृष्णा ओलांडत आली होती.

“मावशी!” अपेक्षानं गावाकडच्या काठावरून ओरडून विचारलं. “मेंढरांना येतंय पोहता! तुमास्नी कवा शिकवायचं?”

“डबा आण मोठा!” हरणाबाई ओरडली आणि दोन्ही काठ हसले.

वर आल्यावर तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली. ती ओली झाली होती, तरी तिनं बोटानं हळद खरवडून आधी डांबऱ्याच्या कपाळाला लावली, मग संयोगिताच्या. तिचा भाजलेल्या बोटाचा हात संयोगिताच्या गालावर थोडा वेळ राहिला, एवढंच.

संयोगिता आता जमिनीवर नव्हतीच. “चला मावशी, येते मी! आई वाट बघत असेल. चल रे डांबऱ्या!” म्हणत तिनं परत पाण्यात सूर मारला. डांबऱ्या मागं आला. येणारच. ती मजेत हात मारत निम्म्यात आली, तेव्हा अलीकडून दोघी मैत्रिणी बोंबलायला लागल्या.

“संयूऽऽ! मागं बघ! अगं मागं बघ की!”

तिनं मागं बघितलं. डांबऱ्याच्या मागं म्हातारी मेंढी होती. तिच्या मागं दुसरी. आणि त्यांच्या मागं, नुकतंच अंग झटकून बसलेला अख्खा कळप मुकाट्यानं पाण्यात उतरत होता.

“आगंऽ थांब! थांब पोरी, पाया पडतो!” नानासो काठावर हात पसरून धावत होता. कुत्र्यांना कळेना की आता कुठल्या बाजूला भुंकायचं. बाळासो, जे नुकतेच बाहेर येऊन टॉवेल पिळत होते, त्यांनी “अबाउट टर्न!” अशी आरोळी ठोकली आणि पुन्हा पाण्यात उडी घेतली. संयोगिता भर नदीत हसून हसून बुडायची वेळ आली. मग ती वळली. डांबऱ्या वळला. म्हातारी वळली. सगळा कळप, कुरकुर न करता, परत पलीकडच्या काठाला लागला.

हसू थांबल्यावर संयोगिता वाळूवर बसली. डांबऱ्या तिच्याजवळ उभा राहिला, मग चार पावलं बाजूला जाऊन लव्हाळा खायला लागला. चार मेंढरं त्याच्याबरोबर सरकली. तो आणखी पुढं गेला, तशी सगळीच सरकली. त्या म्हातारीनं त्याच्या ओल्या पाठीवर मान टेकली आणि त्यानं टेकू दिली. घरी संयोगिताशिवाय कुणाला तो अंगाला हात लावू देत नसे. आईलासुद्धा नाही.

रमत नाही तो कुणात, असं आपण काल म्हणालो होतो, हे तिला आठवलं.

हरणाबाईनं एक दोरी आणली, डांबऱ्याच्या गळ्यात अडकवली आणि दुसरं टोक संयोगिताच्या हातात दिलं. “मेंढरं दमली की मागनं धरून ठिवतो आमी. तवर तू घिऊन जा ह्याला पुलावरनं.”

“आणि तुमचं पुढं? अजून कालवा ओलांडायचाय, हायवे ओलांडायचाय.”

“दुसरा घडवू की,” हरणाबाई म्हणाली.

“आई,” नानासो हळूच म्हणाला, “निदान आठ दिस ह्यो हितं...”

“गप रं. पोरीचं हाय त्ये.”

संयोगिता हातातल्या दोरीकडं बघत राहिली. शेवटी बाळासोंनीच तोड काढली. आता डांबऱ्याला नेलं तर कळप बिथरेल. त्याला इथंच बांधून ठेवावं, कळप स्थिर झाला की संध्याकाळी टेम्पो आणून उचलावं. हे सगळ्यांना पटलं. प्रश्न एवढाच होता की संयोगिता जाताना डांबऱ्याला दिसता कामा नये. म्हणून नानासोनं गावातल्या एकाची, पुलावरून आलेली मोटरसायकल मळ्यातून फिरवून आणली आणि हरणाबाईनं संयोगिताला डोक्यापासून घोंगडीत गुंडाळलं. पाठीमागं बसलेलं ते काळं गाठोडं घेऊन बाळासो निघाले. डांबऱ्यानं एकदा मान वर केली, गाठोड्याकडं बघितलं, ओळखलं नाही आणि परत चरायला लागला.

हेच संयोगिताला लागलं. घोंगडीच्या आत ती पुलापर्यंत रडली. बाहेरून कुणाला काही दिसलं नाही.

पुलावर ते अडकले. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर जोरजोरात गाणी. घोंगडीच्या फटीतून तिला दिसत होतं ते फक्त एक चाक. तिच्या उंचीचं. त्याच्या आणि कठड्याच्या मधे मेंढरू मावेल न मावेल एवढी जागा. ट्रॉलीवरनं उसाची एक कांडी निसटून खाली पडली, चाक तिच्यावरून गेलं आणि रस्त्यावर नुसता ओला डाग उरला. गळ्यात घुंगराचा पट्टा असलेला मेंढा इथंच कुठंतरी सगळ्यांच्या पुढं चालत होता.

“पप्पा,” ती घोंगडीतून म्हणाली.

“बोला कॅप्टन.”

“काही नाही. घरी गेल्यावर.”

घरी आईनं गरम पाणी काढून ठेवलं होतं. संयोगिता अंघोळ करून बाहेर आली तरी कपाळावरची हळद तशीच होती. तिनंच तिथं पाणी लागू दिलं नव्हतं. फाटकाशी कुणी नव्हतं. गोठ्याच्या कोपऱ्यात तेलाचा छोटा डबा पडला होता, त्याच्या कडीला अजून सुतळी अडकलेली. तिनं तो उचलला, आतला कचरा झटकला, झाकण घट्ट आहे का ते दाबून बघितलं, आणि तसाच काखेत मारून ती स्वयंपाकघरात आली.

बाळासो फोनवर होते. “व्हय, पाच वाजता. मेंढरू हाय एक, मागं चारा टाका म्हंजे...”

“पप्पा, फोन ठेवा जरा.”

पंधरा ऑगस्टचा आवाज होता तो. बाळासोंनी फोन ठेवला. आई चुलीपाशी उलथणं हातात धरून वळली.

“टेम्पो नको म्हणून सांगा. डांबऱ्या आता मावशीकडंच राहणार. मी देतीय म्हणून, त्यांनी मागितला म्हणून नाही. ही त्यांची घोंगडी पोचवायला संध्याकाळी मी सायकलवर जाणार आणि हे मीच त्यांना सांगणार. नको म्हणाल्या तर त्यांना सांगणार की आमच्या म्हशी पाणी सांडायच्या तेव्हा तुमी नको म्हणाला नव्हता. आणि जेठात येताना त्यांनी इथंच मुक्काम करायचा, मला डांबऱ्या बघायचाय.” तिचा आवाज थोडा हलला, तिनं नाक ओढलं आणि काखेतला डबा दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला. “आणि आई, हा डबा भंगारात घालायचा नाही. दर कार्तिकात मावशीकडं एखादं तरी चालता न येणारं कोकरू असतंय. ते मी ठेवून घेणार, आणि त्याला पोहायला शिकवूनच परत धाडणार. मी ठरवलंय.”